तबकडी की तंबू?

दौंडहून मनमाडकडे जाणारी रेल्वे नगर स्टेशन यायच्या थोडं आधी अरणगावच्या शिवारातून जाते. रुळांजवळच्या टेकडीवर घुमटाची एक लहानशी इमारत आहे. ती मेहेरबाबांची समाधी आणि त्या जागेचं नाव मेहेराबाद. मेहेरबाबा मूळचे पुण्याचे, इराणी कुटुंबातले. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी इथेच मौन धरलं, आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादला देह ठेवीपर्यंत ते मोडलं नाही. साडेत्रेचाळीस वर्षं! आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून आणि १९५४ नंतर नुसत्या हातांच्या खुणांनी ते बोलत. दरवर्षी ३१ जानेवारीला अमरतिथीसाठी देशोदेशीचे लोक इथे जमतात आणि दुपारी सव्वाबारा वाजता पंधरा मिनिटं सगळा माळ गप्प होतो.

आता याच गोष्टीचं दुसरं टोक. ३१ मे १९७६, लंडनमधलं चार्लटनचं फुटबॉल मैदान. 'द हू' नावाचा रॉक बँड वाजवत होता. कर्ण्यांपासून बत्तीस मीटरवर आवाज मोजला तर तो १२६ डेसिबल भरला, आणि गिनीज बुकात जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून त्यांची नोंद झाली. या बँडचा गिटारवाला आणि बहुतेक गाण्यांचा कर्ता पीट टाउनशेंड हा मेहेरबाबांचा भक्त. जगातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाने गुरू निवडला तो चाळीसहून अधिक वर्षं न बोललेला. 'द हू'च्या १९७१ सालच्या 'हूज नेक्स्ट' या अल्बमचं पहिलंच गाणं 'बाबा ओ'रायली'. त्यातला 'रायली' म्हणजे टेरी रायली हा अमेरिकी संगीतकार, आणि 'बाबा' म्हणजे आपले अरणगावचे. सत्तरच्या दशकात टाउनशेंड समाधीच्या दर्शनाला इथे येऊनही गेला.

नगर जिल्ह्याचा (आता सरकारदरबारी अहिल्यानगर) रॉक संगीताशी असलेला हा धागा अनेकांना ठाऊक नसतो. पण या प्रकरणात मला जो प्रश्न मांडायचा आहे, त्यासाठी या जिल्ह्याचं दुसरं टोकही लागेल. ते टोक प्रवरेकाठी, पुणे-नाशिक रस्त्यावरचं संगमनेर. तिथला कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकर यांचा तमाशाफड. एकीकडे 'द हू'मधले उरलेले, ऐंशीच्या घरातले दोन इंग्रज म्हातारे, दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्या ट्रकमधून हिंडणारा फड. दोघांपुढे प्रश्न मात्र एकच आहे. वय झालेल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींनी उरलेलं बळ कशावर खर्च करावं? नवं काही ध्वनिमुद्रित करून ठेवण्यावर, की गावोगाव जाऊन लोकांपुढे उभं राहण्यावर? तबकडी की तंबू?

आधी तंबूचा हिशोब पाहू, कारण पोट तिथे भरतं.

ढोलकीफडाच्या तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो. सात महिने. गुढीपाडव्यापर्यंत फड बहुतेक तिकिटावर चालतो: गावाबाहेर तंबू ठोकायचा, कनाती लावायच्या, गावातून जीप फिरवून पुकारा करायचा आणि रात्री गल्ला मोजायचा. पाडव्यानंतर चैत्र-वैशाखाच्या यात्रा-जत्रा सुरू झाल्या की सुपारीचे दिवस येतात. त्यासाठी संगमनेरच्याच रस्त्यावर, पण पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येतात, कुठला फड, कुठली तारीख, किती रक्कम यावर घासाघीस होते, बयाणा दिला जातो. ज्या फडाच्या चैत्रातल्या रात्री भरल्या त्याचं वर्ष तरलं.

एका मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. नाचणाऱ्या बाया, सोंगाड्या, सरदार, मावशी, ढोलकीवाला, हलगीवाला, सुरत्ये, लाइटवाले, तंबू ठोकणारे बिगारी, भटारखाना, चालक. त्यांतल्या बहुतेकांना हंगामाच्या आधीच उचल द्यावी लागते, आणि ती देण्यासाठी फडमालक सावकाराकडे जातो. म्हणजे पडदा उघडायच्या आधीच फड कर्जात असतो. या व्यवहारात ध्वनिमुद्रणाला जागा कुठे आहे? स्टुडिओत बसलेला दिवस हा बिनकमाईचा दिवस. त्या दिवशीही शंभर ताटं वाढावी लागतातच.

त्यामुळे फडाने तबकडीपेक्षा तंबू निवडला असं म्हणणंच चुकीचं आहे. त्याला निवड कधी मिळालीच नाही.

आणि समजा मिळाली असती, तरी तबकडीत तमाशा मावला नसता. हे जरा सविस्तर सांगायला हवं. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. भारतातल्या ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय तिथून मार्गी लागला. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटं मावत. आता तमाशाची रात्र डोळ्यांपुढे आणा. आधी गण, मग गौळण, त्यात पेंद्या आणि मावशीची थट्टामस्करी, पुढे बतावणी, रंगबाजीच्या लावण्या, आणि उत्तररात्री वग. एकटा वगच दोन-तीन तासांचा. तीन मिनिटांत यातलं काय बसणार? लावणी बसेल, तीही कडवी कापून. म्हणून तबकडीने तमाशातून लावणी उचलली आणि बाकीची रात्र तिथेच सोडून दिली.

त्यातली सर्वांत मोठी सोडलेली वस्तू म्हणजे बतावणी. ती कागदावर नसते. सोंगाड्या संध्याकाळी गावात उतरला की चहाच्या टपरीवर बसून सरपंच कोण, पाणी किती दिवसांनी येतं, सोसायटीच्या निवडणुकीत कोण पडलं याची चौकशी करतो आणि रात्री तेच मंचावर आणतो. पुढे बसलेला म्हातारा काही ओरडला की त्याला तिथल्या तिथे उत्तर मिळतं. लहानपणी आमच्या गावच्या यात्रेत मी पाहिलेल्या तमाशातला वग मला आज आठवत नाही. पण गावातल्या एका कंजूष दुकानदारावर सोंगाड्याने केलेली कोटी आणि त्या दुकानदाराने उभं राहून दिलेली दौलतजादा अजून आठवते. ही कोटी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात कुणालाच कळली नसती. अशा गोष्टीची तबकडी काढून विकायची कुणाला?

तबकडीशिवाय गाजलेल्यांतली एक म्हणजे याच संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची पवळा. पठ्ठे बापूरावांच्या फडातली ही नर्तिका-गायिका विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईपर्यंत गाजली. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण घरातून येऊन तमाशात उतरले, जातीने वाळीत टाकलं तरी मागे फिरले नाहीत. त्यांच्या मिठाराणीच्या वगाचं नाव तमाशाच्या जगात आजही निघतं. पवळा १९३९ साली गेली, बापूराव १९४५ साली पुण्यात हलाखीत गेले. ग्रामोफोन भारतात आला तेव्हा दोघंही भर बहरात होते. तरी पवळाची कीर्ती पसरवली ती बैलगाड्या जुंपून आलेल्या लोकांनी, दुकानात विकल्या जाणाऱ्या तबकडीने नव्हे. बापूरावांच्या लावण्या टिकल्या त्या शागिर्दांच्या बाडांत आणि गळ्यांत. बाड पावसात भिजतं, गळा माणसाबरोबर जातो. जन्मभर हिंडून मिळवलेलं म्हातारपणी उपयोगी पडत नाही हे तमाशाने तेव्हाच पाहिलं होतं.

पुढे जे झालं ते मला जास्त बोचतं. १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि तमाशापट हा मराठी सिनेमाचा हुकमी प्रकार झाला. १९७२ च्या 'पिंजरा'ने त्यावर कळस चढवला. लावणीच्या तबकड्या आता धडाधड निघू लागल्या. पण गळे कुणाचे? आशा भोसले, सुलोचना चव्हाण. मोठ्याच गायिका, त्यांच्या गाण्याला नावं ठेवण्याचा प्रश्न नाही. सुलोचनाबाई तर लावणीसम्राज्ञी म्हणून ओळखल्या गेल्या. मात्र त्यांनी फडात पाऊल ठेवून एकही हंगाम काढला नव्हता. फडातल्या बाईचा आवाज घरात लावायला मध्यमवर्गाला लाज वाटत होती. सिनेमाच्या गायिकेचा तोच ठसका दिवाणखान्यात चालला.

यातून उलटा प्रवाह सुरू झाला. फडाने तबकडी काढली नाही, तर तबकडीच फडात शिरली. रंगबाजीत प्रेक्षक सिनेमाची लावणी मागू लागले, पुढे हिंदी गाणी मागू लागले, आणि सुपारी हवी असेल तर ती म्हणावी लागू लागली. ज्यांच्या दारातून लावणी मुंबईच्या स्टुडिओत गेली, त्यांनाच ती स्टुडिओने शिवलेल्या कपड्यांत परत घ्यावी लागली. हल्ली तर नुसत्या मुद्रित गाण्यांवर नाचण्याचे कार्यक्रमही यात्रेत होतात. त्यात ढोलकीवाला लागत नाही, सुरत्ये लागत नाहीत, वग नाही. यात्रा कमिटीला शंभर माणसांचा फड उतरवण्यापेक्षा दहा जणांचा कार्यक्रम सोयीचा वाटतो. आपल्या नावाची तबकडी नसली तरी दुसऱ्याच्या तबकडीपासून सुटका होत नाही, ती अशी.

इथे पुन्हा एकदा 'द हू'कडे जाऊ, कारण तबकडीच्या बाजूने जी काही बाजू मांडता येते ती त्यांच्या चरित्रात आहे.

साठच्या दशकात इंग्लंडमध्ये नियम सरळ होता: तबकडी विकायची म्हणून दौरा करायचा. दौऱ्यात पदरचे पैसे गेले तरी चालतील, अल्बम विकला की भरून निघेल. बीटल्सनी तर २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम केला आणि दौरेच बंद केले. पोरींच्या किंकाळ्यांत आपण काय वाजवतो ते त्यांचं त्यांनाच ऐकू येत नव्हतं. मग ते स्टुडिओत बसले आणि १९६७ मध्ये 'सार्जंट पेपर' काढला, जो त्यांना मंचावर वाजवून दाखवताच आला नसता. मात्र तेव्हा ते विशीत होते. पैसा मुबलक होता आणि दमले होते ते कंटाळ्याने, वयाने नव्हे.

टाउनशेंडला दोन्ही हवं होतं. १९६९ च्या 'टॉमी' या रॉक ऑपेऱ्यात त्याने एका मुक्या, बहिऱ्या, आंधळ्या मुलाची गोष्ट सांगितली. अल्बमच्या श्रेयनामावलीत मेहेरबाबांचं नाव आहे. मग 'लाइफहाउस' नावाचा एक अचाट बेत त्याच्या डोक्यात शिरला. प्रेक्षक एका नाट्यगृहात येत राहतील, त्यांच्या आयुष्याची माहिती यंत्राला देऊन त्यातून संगीत निघेल, बँड ते वाजवेल आणि त्याच जागी ते मुद्रितही होईल. गाणारा, ऐकणारा आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींत भिंत उरणार नाही. लंडनच्या यंग विक थिएटरात त्याने प्रयत्न करून पाहिला. कुणाला काही कळेना, टाउनशेंड खचला, बेत कोसळला. त्याच्या तुकड्यांतून 'हूज नेक्स्ट' निघाला. मला मात्र हे वाचताना दर वेळी वाटतं की टपरीवर बसून गावाची माहिती काढणारा आणि रात्री तीच गाण्या-बोलण्यातून परत देणारा सोंगाड्या संगमनेरच्या फडात त्याला भेटला असता, तर यंत्राशिवाय काम झालं असतं. अरणगावहून संगमनेर काही लांब नव्हतं.

'बाबा ओ'रायली'च्या सुरुवातीचा तो भिरभिरणारा ऑर्गनचा सूर मंचावर हाताने वाजवता येत नव्हता. मग कार्यक्रमात तो टेपवरून लावत, आणि ड्रमवाला कीथ मून कानाला हेडफोन बांधून त्या टेपच्या तालावर वाजवी. बेतालपणाबद्दलच प्रसिद्ध असलेला हा माणूस यंत्राच्या लयीला जुंपला गेला. तबकडी मंचावर शिरायला सुरुवात तिकडेही झाली होती, ती ही अशी.

तरीही या बँडची सर्वांत वाखाणली गेलेली तबकडी स्टुडिओतली नाही. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात विद्यार्थ्यांपुढे त्यांनी कार्यक्रम केला आणि तोच 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स' म्हणून निघाला. त्याआधीच्या अमेरिकी दौऱ्यातल्या कित्येक रात्रींचं मुद्रण हातात होतं, पण ते सगळं ऐकत बसायचा टाउनशेंडला इतका वैताग आला की त्याने त्या टेप जाळून टाकायला सांगितलं. हे त्यानेच पुढे कबूल केलं. मग एका भोजनगृहातली एक रात्र धरली. मूळ तबकडीत त्यातली सहाच गाणी होती. पुढे तीस वर्षांनी सगळी रात्र बाजारात आली, आणि लोकांनी ती पुन्हा विकत घेतली. पूर्ण रात्र जपून ठेवली होती म्हणूनच ते शक्य झालं, ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटाकडे लागणार आहे.

पुढची कथा वेगाने सांगतो. मून १९७८ साली गेला. १९८२ मध्ये 'इट्स हार्ड' हा अल्बम काढून त्यांनी निरोपाचा दौरा केला. निरोप काही टिकला नाही. १९८९ ला पुन्हा दौरा, नव्वदच्या दशकात पुन्हा दौरा. २७ जून २००२ रोजी, अमेरिकेतल्या दौऱ्याच्या पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, बासवादक जॉन एन्टविसल लास व्हेगासच्या हॉटेलात मृतावस्थेत सापडला. चार-पाच दिवसांत उरलेले दोघे दुसरा वादक घेऊन मंचावर उभे होते. तिकडच्या वर्तमानपत्रांना हे निर्दयपणाचं वाटलं. तमाशावाल्यांना वाटलं नसतं; सुपारी घेतली की घरात प्रेत असलं तरी ढोलकी वाजते. आणि एवढे दौरे चालू असताना नवा अल्बम? 'इट्स हार्ड'नंतर थेट २००६ साली. चोवीस वर्षांनी. त्यानंतरचा २०१९ साली. २०२५ मध्ये बँडचा गायक रॉजर डॉल्ट्री एक्क्याऐंशीचा आणि टाउनशेंड ऐंशीचा असताना त्यांनी उत्तर अमेरिकेत आणखी एक निरोपाचा दौरा केला. गाणी कुठली? बहुतेक पन्नास वर्षांपूर्वीची.

हे आळसाने झालं असं नाही. बाजारच फिरला होता. १९९९ साली इंटरनेटवर नॅपस्टर आलं, गाणी तिथून फुकट फिरू लागली, आणि जुना नियम उलटला: आता दौऱ्याची तिकिटं विकायची म्हणून अल्बम काढायचा. इंग्रज गायक डेव्हिड बोवीने २००२ सालच्या एका मुलाखतीत सांगून ठेवलं होतं की संगीत लवकरच नळाच्या पाण्यासारखं होणार, तेव्हा भरपूर दौरे करायची तयारी ठेवा, कारण तेवढीच एक गोष्ट वेगळी उरेल. (नगर जिल्ह्यात नळाला पाणी रोज येतंच असं नाही, यूट्यूब मात्र रोज येतं.) म्हाताऱ्या बँडचं नवं गाणं ऐकायला कुणी थांबत नाही, जुनं ऐकायला मात्र हजारोंची तिकिटं काढून येतात. म्हणजे रॉकवाल्यांचं जग फिरून तिथेच येऊन पोचलं जिथे तमाशा पहिल्यापासून उभा होता. गाणं फुकट, पैसा तंबूत.

आपल्याकडे मधल्या काळात एक वेगळी वाटही दिसली होती. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. स्टुडिओचा खर्च आटोक्यात आला, छोट्या कंपन्या निघाल्या, आणि एचएमव्हीसारख्या मोठ्या कंपनीच्या दारात ज्यांना कुणी उभं केलं नसतं अशा लोकगायकांचे आवाज टपरीटपरीवर वाजू लागले. आनंद शिंदे यांचं 'नवीन पोपट हा' ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गावोगाव पोचलं ते कॅसेटवरून, आणि त्यामागोमाग कार्यक्रमांची आमंत्रणं आली. कव्वाली, भीमगीतं, कोळीगीतं यांना कॅसेट मानवली. कारण त्यांचा घटक गाणं हा आहे. पाच मिनिटांत एक पूर्ण वस्तू हातात येते. तमाशाचा घटक आहे रात्र. वगांच्या कॅसेटही निघाल्या, पण ज्या कलेत मावशीची कंबरेवर हात ठेवून उभं राहण्याची पद्धत हाच अर्धा विनोद आहे, तिची नुसती आवाजाची पट्टी करून काय हाती लागणार?

कांताबाईंची हकिकत इथे सांगायलाच हवी. त्यांचा जन्म १९३९ चा, गुजरातेत, खाणकामावर हिंडणाऱ्या मजुराच्या घरी. घर साताऱ्याला आलं म्हणून सातारकर. पोरवयात तमाशात आल्या, पुढे तुकाराम खेडकरांच्या फडात नावारूपाला आल्या आणि त्यांच्याशी संसार मांडला. १९६४ साली तुकाराम खेडकर गेले. बाईंच्या हातात मुलं होती, फड नव्हता. पाच वर्षांनी, १९६९ साली, त्यांनी स्वतःचा फड उभा केला. (त्याच वर्षी मेहेरबाबा गेले आणि 'टॉमी' निघाला; वर्षं अशी नकळत एका रांगेत येतात.) त्या स्त्रीभूमिका करत तशा पुरुषांच्याही करत; तलवार घेऊन मंचावर आल्या की बाईमाणूस आहे हे लोक विसरत असं जुने प्रेक्षक सांगतात. मुलगा रघुवीर सोंगाड्या म्हणून पुढे आला, मुलीही फडात उभ्या राहिल्या. राज्य सरकारने विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा त्याचा पहिला मान कांताबाईंना मिळाला.

मग २०२० आलं. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरची टाळेबंदी सुरू झाली तीही २५ मार्चला. नारायणगावच्या राहुट्यांत ज्या दिवशी बयाण्याचे पैसे मोजले जायचे, नेमक्या त्या दिवशी देश बंद झाला. उचल वाटलेली, सावकाराचं व्याज चालू, चैत्र कोरडा. पुढच्या वर्षीही तेच. त्याच मार्चमध्ये 'द हू'नेही इंग्लंड-आयर्लंडचा दौरा पुढे ढकलला. पण त्यांच्या पन्नास वर्षांच्या तबकड्या घरात बसूनही वाजत होत्या आणि वाजेल तसा पैसा देत होत्या. फडाकडे वाजायला जवळपास काहीच नव्हतं. २५ मे २०२१ रोजी कांताबाई संगमनेरला कोरोनाने गेल्या.

मला जे म्हणायचं आहे ते पाडव्याच्या त्या एका दिवसाशी येऊन थांबतं. 'द हू'सारख्या बँडने म्हातारपणी दौराच करावा असं माझं मत आहे. जाळायला सांगितलेल्या टेप सोडल्या तर त्यांच्या कितीतरी चांगल्या रात्री कुठेतरी जपलेल्या आहेत. ज्याच्याकडे एवढं साठवलेलं आहे त्याने गुडघे चालतात तोवर लोकांपुढे उभं राहावं, नवा अल्बम नाही आला तरी जगाचं फार बिघडत नाही. जुन्या तमाशाफडाचं गणित नेमकं उलटं आहे. तो दौरा करणारच, त्याला सांगावं लागत नाही. त्याच्याकडे नाही ती साठवण. साठीतला सोंगाड्या आज पंधरा वेगवेगळ्या गावांत पंधरा वेगळ्या बतावण्या करतो आणि त्यांतली एकही उद्या राहत नाही. म्हणून जुन्या फडाने पहिला मान ध्वनिमुद्रणाला द्यावा, असं मी म्हणतो. आणि असं म्हणताना मला स्टुडिओ अभिप्रेत नाही.

स्टुडिओत तमाशा मरतो. समोर माणूस नसेल तर सोंगाड्या कुणाला चिमटा काढणार? मुद्रण व्हायचं ते तंबूतच, लीड्सच्या भोजनगृहासारखं: एक गाव, एक रात्र, गणापासून वगाच्या शेवटापर्यंत सलग. लोकांच्या शिट्ट्या, मधेच गेलेली वीज, जनरेटरची धडधड, सगळं त्यात राहू द्यावं. आज हे अवघड नाही. खरं तर ते आधीच चालू आहे. प्रत्येक यात्रेत शंभर मोबाइल वर होतात आणि सकाळपर्यंत तुकडे यूट्यूबवर पडतात. पण ते तुकडे लावणीचेच असतात, म्हणजे तीन मिनिटांच्या तबकडीची जुनीच सवय, आणि त्यातून येणारा पैसा फडाकडे जात नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा मानधनाचा हक्क त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. कलावंतांच्या हक्कांचीही त्यात दखल आहे. फड मात्र कागदावर काही ठेवतच नाही, मग हक्क सांगणार कुठल्या आधाराने?

घाईचं आणखी एक कारण आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर कर्णे लावायला बंदी आहे. सणासुदीला काही दिवस बारापर्यंत सवलत मिळते. शांतता हवीच, मेहेराबादच्या जिल्ह्यात तरी याबद्दल तक्रार करू नये. पण पहाटेपर्यंत चालणारी रात्र यामुळे तीन-चार तासांवर आली, आणि सर्वांत आधी कापला गेला तो वग. जे तबकडीने शंभर वर्षांपूर्वी केलं ते आता घड्याळ करतं आहे. अख्खा वग तोंडपाठ असलेली माणसं फडांत अजून आहेत. किती दिवस असतील ते त्यांच्या वयाकडे पाहून कुणालाही सांगता येईल.

म्हणून एक विनंती यात्रा कमिट्यांना. पुढच्या पाडव्याला नारायणगावच्या राहुटीत बसून सुपारी ठरवाल तेव्हा करारात एक कलम वाढवा: आमच्या गावातली रात्र आम्ही गणापासून वगापर्यंत पूर्ण मुद्रित करू, एक प्रत फडमालकाकडे राहील, एक ग्रामपंचायतीत, आणि हक्क फडाचा राहील. दोन कॅमेरे आणि चार चांगले माइक पुरतात. तेवढे वापरता येणारी पोरं प्रत्येक गावात आहेत. आणि या कामाचे पैसे सुपारीतून कापू नका, वेगळे मोजा.